मशीन बिघडलेलं नव्हतं

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं. सांगलीतली कॉलेजची पोरं छातीवर गरुडाचा गोल शिक्का असलेले काळे शर्ट घालून हिंडतात, तो शिक्का कुणाचा हे निम्म्यांना ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं ते ज्याला संगीत म्हणतात तो नुसता गोंगाट असतो, असं त्यांनी लिहिलं होतं. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, ज्याच्या शेजारी मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, तिथे हे चालावं याचं त्यांना वाईट वाटतं. शेवटी त्यांनी हा बँड आणि गणपतीतला डॉल्बी एकाच माळेत ओवला. पत्र वाचून दोन दिवस मला चैन पडलं नाही, म्हणून लिहितो आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. खाँसाहेबांच्या नावाने मीरासाहेबांच्या दर्ग्यात जे गाणं-बजावणं होतं, तिथे मीही रात्र रात्र बसलो आहे.

तो शिक्का रामोन्स या बँडचा. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शिक्क्यावरून आर्तुरो वेगा या त्यांच्या मित्राने तो बनवला. गरुडाच्या एका पंजात बाणांऐवजी बेसबॉलची बॅट दिली, दुसऱ्यात ऑलिव्हऐवजी सफरचंदाची डहाळी. पोरांना हे माहीत नसतं, हे खरं आहे. पण बँड गोंगाट करायचा, हे मला मान्य नाही, आणि डॉल्बीशी त्याची बरोबरी तर मुळीच मान्य नाही.

माझं वय ६२. हरभट रोडच्या मागच्या बोळात माझं रेडिओ, टेप आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. शिवाय १९८४ ते २००३ मी बेंजो पार्टीत बेंजो वाजवत होतो. नव्या पोरांसाठी सांगतो: बेंजो म्हणजे डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हातात नखी, तारांखाली पिकअप, आणि हातगाडीवर बांधलेले भोंगे. जोडीला ड्रम, ट्रिपल, खुळखुळा. वराती, गणपती, जत्रा. विसर्जनाला संध्याकाळी सुरू झालेला हात पहाटेच थांबायचा. आम्हालाही लोक गोंगाटच म्हणायचे.

१९८७ च्या पावसाळ्यात विश्रामबागच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधला एक मुंबईचा मुलगा टेपरेकॉर्डर घेऊन आला. मशीन कॅसेट खात होतं. आत एक टीडीकेची कॅसेट अडकली होती, ती मी अलगद सोडवली, हेड स्पिरिटने पुसलं, पिंच रोलर साफ केला, बेल्ट बदलला. मग तपासायला तीच कॅसेट लावली. आवाज आला आणि मला वाटलं, मोटार पळते आहे. इतक्या जलद कुणी वाजवत नाही. कॅसेटच्या मोटारीला मागे एक बारीक भोक असतं, आत स्पीडचा स्क्रू असतो. तो मी हळूहळू फिरवत गेलो आणि गाणाऱ्याचा गळा मला माणसासारखा वाटू लागला तिथे थांबलो. संध्याकाळी तो मुलगा आला, त्याने लावून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

“दादा, हे काय केलंत?”

“स्पीड वाढला होता, कमी केला.”

“मशीन बिघडलेलं नव्हतं, दादा. ते असंच वाजवतात.”

मला खरं वाटेना. सूर पक्का माहीत असलेली एक हिंदी कॅसेट मी त्यात घातली आणि बेंजोवर सूर ताडून पाहिला. दीड सूर खाली आला होता, तो मीच आणला होता. स्क्रू परत फिरवून हिंदी गाणं जागेवर आणलं, मग त्याची कॅसेट पुन्हा लावली आणि आम्ही दोघांनी ती उभ्यानेच पूर्ण ऐकली. पूर्ण म्हणजे किती, तर २९ मिनिटं. १४ गाणी. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला अख्खी रेकॉर्ड बसली होती आणि वर जेमतेम मिनिटभर टेप कोरी उरली होती. मला इंग्रजी येत नव्हतं, आजही फारसं येत नाही. त्या बाजूची शेवटची कोरी सरसर संपेपर्यंत मी काही बोललो नाही, एवढं आठवतं.

त्या रात्री घरी बेंजो काढून बसलो. पहिलं गाणं ‘ब्लिट्झक्रीग बॉप’, सव्वादोन मिनिटांच्याही आतलं. स्वर सापडायला वेळ लागला नाही, मोजके तर आहेत. अडलं ते उजव्या हाताला. आपण नखी खाली-वर अशी दोन्हीकडे फिरवतो, म्हणून हात तरतो. जॉनी रामोन हा त्यांचा गिटारवाला नखी फक्त खाली मारायचा. प्रत्येक आघात वरून खाली, आणि हात रिकामा वर न्यायचा. हे मला त्या मुलाने सांगितलं होतं, पण न सांगताही कानाला कळतं, कारण खाली-वरमध्ये एक आघात जड आणि एक हलका पडतो. इथे सगळे सारखे पडतात. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला पावणेदोनशेच्या आसपास ठेके, दर ठेक्याला नखी दोनदा खाली, म्हणजे मिनिटाला साडेतीनशेच्या घरात आघात. पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्याला कोपर भरून आलं. तिसऱ्याच्या मध्यावर मनगट आखडलं आणि नखी बोटांतून सुटली. रात्रभर मिरवणूक वाजवणारा हात होता माझा, २३ वर्षांचा.

त्या माणसाने हे बावीस वर्षं केलं. रामोन्सचे एकूण कार्यक्रम झाले २,२६३. पुढे कार्यक्रमांतला वेग रेकॉर्डपेक्षाही वाढत गेला, आणि दोन गाण्यांमध्ये पाणी प्यायची सोय नसे, कारण एक गाणं संपतं न संपतं तोच डी डी हा बासवाला चार आकडे मोजून पुढचं सुरू करायचा. हे संगीत कुणालाही येण्यासारखं आहे, असं लोक कौतुकाने म्हणतात आणि हिणवायलाही म्हणतात. दोघांनाही माझी विनंती आहे की एकदा नखी हातात धरून तीन गाणी काढून दाखवावीत. स्वर सोपे आहेत. हात सोपा नाही.

आता आपल्या भाषेत सांगतो. आपल्याकडे कुस्तीच्या मैदानात, जत्रेत हलगी, घुमकं आणि कैताळ वाजतं. हलगी पुढे तडतडते, घुमकं खाली जमीन धरून ठेवतं, कैताळ दोघांना बांधून घेतं. तीनच वाद्यं, तीन माणसं, आणि मैदानातल्या पाच हजार लोकांच्या अंगावर काटा. रामोन्समध्येही तीनच वाद्यं: जॉनीची गिटार ही हलगी, डी डीचा बास हे घुमकं, टॉमीचा ड्रम मधे बांधणारा. वर जोईचा गळा. कुणी मधेच आपली कारागिरी दाखवायला पुढे येत नाही. तान नाही, लांबण नाही, गिटारवाला एकटाच दहा मिनिटं खेळतोय असं काही नाही. त्या काळातल्या मोठ्या बँडांनी गाणी वाटेल तेवढी लांबवली होती. या चौघांनी सगळं छाटून टाकलं आणि उरलं ते पूर्ण ताकदीने वाजवलं. हलगीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कवठेमहांकाळकडचा एक हलगीवाला माझ्या दुकानात भोंगा दुरुस्तीला यायचा, त्याला मी ही कॅसेट ऐकवली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “ह्येंची पोरं दमत न्हाईत व्हय?”

त्या मुलाने मला या चौघांची हकिकत सांगितली, पुढे मुलीच्या फोनवर मी स्वतःही बरंच पाहिलं. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागातली, फॉरेस्ट हिल्सची ही पोरं. बँड १९७४ चा. जॉनी बांधकामावर कामाला होता. जोई साडेसहा फूट उंच, आधी तो ड्रम वाजवायचा आणि गायचं काम डी डीकडे होतं. डी डीला गाता गाता बास वाजवणं जमेना, म्हणून जोई पुढे आला. मग ड्रमला माणूस शोधू लागले. येणारा प्रत्येक जण नको तेवढी करामत करायचा. टॉमी खरं तर बँडचा कारभार बघणार होता. तो जन्माने हंगेरीच्या बुडापेस्टचा, स्टुडिओत रेकॉर्डिंगचं काम शिकलेला. कसं वाजवायचं ते लोकांना दाखवता दाखवता तोच ड्रमवर बसला. चौघांनीही आडनाव एकच लावलं, रामोन, नातं काही नसताना. बीटल्स या बँडमधला पॉल मॅकार्टनी कधी काळी हॉटेलात पॉल रामोन असं नाव सांगायचा, त्यावरून ते घेतलं. आपल्याकडे काळू-बाळूंनी कवलापूरचं नाव लावलं आणि सगळा फड कवलापूरकरांचा झाला, तसंच हे.

पहिली रेकॉर्ड फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतल्या स्टुडिओत झाली. साधारण आठवडाभरात, सुमारे ६,४०० डॉलरमध्ये. २३ एप्रिल १९७६ ला ती बाजारात आली, म्हणजे यंदा तिला पन्नास वर्षं झाली. माझ्या धंद्याच्या दृष्टीने त्या रेकॉर्डमध्ये एक फार सुंदर गोष्ट आहे. गिटार पूर्ण उजवीकडे आहे, बास पूर्ण डावीकडे. ड्रम आणि गळा मधे. उजवा स्पीकर बंद केला की हलगी गेली, डावा बंद केला की घुमकं गेलं. १९९० पासून स्टिरिओ अँप्लिफायर दुरुस्त झाला की मी याच रेकॉर्डवर तपासून देतो. कुठला चॅनेल मेला आहे ते पहिल्या दहा सेकंदांत कळतं. सांगली, मिरज आणि तासगावातले कितीतरी अँप्लिफायर या चार पोरांनी पास केलेले आहेत.

नंतरच्या सगळ्याच रेकॉर्ड मला आवडतात असं नाही. १९८० ला ते फिल स्पेक्टर या मोठ्या निर्मात्याकडे गेले, तिथे गाण्यांवर इतके थर चढवले की जॉनीचा हातच ऐकू येत नाही. विक्रीच्या यादीत मात्र तीच रेकॉर्ड त्यांच्यात सगळ्यात वर गेली. काही गाण्यांचे विषयही मला पटत नाहीत. नशेची गाणी आहेत, आणि डी डी शेवटी त्या नशेतच गेला. माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांना मी हे स्पष्ट सांगतो.

आणखी एक गोष्ट मला फार जवळची आहे. जोई आणि जॉनी यांच्यात एका मुलीवरून फाटलं आणि त्यापुढे कित्येक वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच गाडीतून प्रवास, एकाच मंचावर काम, आणि शब्द नाही. लोकांना याचं नवल वाटतं, मला वाटलं नाही. आमचा ड्रमवाला माझा लहानपणापासूनचा दोस्त. एका सुपारीच्या पैशांवरून १९९५ ला आमचं बिनसलं आणि पुढचे दोन हंगाम आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. पण तो तिहाई घ्यायच्या आधी खांदा किंचित उचलायचा, आणि मला पाठीमागून ते कळायचं. दोन वर्षांत आमचा एकही ठेका चुकला नाही. नंतर आम्ही बोलू लागलो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तो गेला. त्याने शेवटपर्यंत रामोन्स कधी मन लावून ऐकलं नाही, त्याला किशोरकुमार पुरे होता. पण त्याच्या हातात टॉमीसारखी शिस्त होती, आणि हे मी त्याला त्या अबोल्याच्या दोन वर्षांत सांगू शकलो नाही, नंतर सांगायचं राहून गेलं.

आता डॉल्बीचं. २००३ ला एका मंडळाने आम्हाला विसर्जनाची सुपारी दिली आणि आठ दिवस आधी रद्द केली, डॉल्बी ठरली म्हणून. त्या वर्षी आणखी दोन ठिकाणी तेच झालं. पार्टी मोडली. सात जणांपैकी दोघे कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला लागले, एकाने रिक्षा घेतली. त्या रागातून लिहितो आहे असं वाटू नये, राग कधीच ओसरला. पण मी आयुष्यभर आवाजाचीच यंत्रं उघडली आहेत, म्हणून फरक सांगतो. डॉल्बीच्या भिंतीमागे एक माणूस बटण दाबून उभा असतो. त्या आवाजाने खिडकीची तावदानं हलतात, म्हातारी माणसं कासावीस होतात, पण त्यात कुणाचाही हात दुखत नाही. रामोन्सचा आवाजही मोठा असायचा. मात्र तो मोठा आवाज चार माणसांच्या आठ हातांतून यायचा, आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. हलगीची थाप आणि हलगीची वाजवलेली टेप यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हाही कळेल. ज्येष्ठ वाचकांना तो नक्की कळेल, कारण ते खाँसाहेबांचं नाव घेतात. मिरजेच्या तंबोऱ्यावर चार तारा रात्रभर त्याच क्रमाने छेडल्या जातात. मागे बसलेल्या त्या शिष्याच्या बोटांना कुणी गोंगाट म्हणत नाही. एकच गोष्ट न ढळता पुन्हा पुन्हा करत राहणं, हे आपल्या संगीताला परकं नाही.

रामोन्सना हयातीत मोठं यश मिळालं नाही. पहिली रेकॉर्ड अमेरिकेच्या यादीत १११ व्या जागी जाऊन थांबली. स्वतःच्या देशात ते छोट्या सभागृहांत वाजवत राहिले, आणि तिकडे अर्जेंटिनात मार्च १९९६ मध्ये ब्यूनस आयर्सचं फुटबॉलचं मोठं स्टेडियम त्यांच्यासाठी भरलं. तिथल्या लोकांची भाषाही इंग्रजी नाही. त्यांना काय ऐकू आलं असेल ते मला माझ्या दुकानात बसून समजतं. ६ ऑगस्ट १९९६ ला लॉस एंजेलिसमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. जोई २००१ ला गेला, डी डी २००२ ला, जॉनी २००४ ला. त्या पहिल्या रेकॉर्डला सोनेरी तबकडीचा मान मिळाला २०१४ च्या एप्रिलमध्ये, निघाल्यापासून ३८ वर्षांनी. त्याच वर्षी जुलैमध्ये टॉमी गेला. चौघांपैकी तो एकटाच तेवढ्यापुरता उरला होता.

ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. मुंबईचा मुलगा १९९० ला शिक्षण संपवून जाताना देऊन गेला. २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं, बेंजो खालच्या फळीवर होता तो फुगून उकलला. कॅसेट चार दिवस पाण्याखाली होती. पाचही स्क्रू काढले, टेप स्वच्छ पाण्यातून काढली, सावलीत वाळवली आणि दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात गुंडाळली. चौथ्या गाण्यात, म्हणजे त्यातलं एकुलतं एक संथ, लाजऱ्या प्रेमाचं गाणं आहे, तिथे आवाज थोडा बुडतो. बाकी वाजते. पोरं म्हणतात, काका, फोनवर एकदम स्वच्छ ऐकू येतं. येत असेल.

पोरं म्हणजे तोच काळा शर्ट घालणारी. त्यातला एक गेल्या दिवाळीत हेडफोन जोडून घ्यायला आला होता. शर्ट कुठे घेतला विचारलं तर म्हणाला, बसस्टँडजवळच्या गाड्यावर, दोनशे रुपयांना. बँड ऐकला आहेस का? नाही म्हणाला, आणि खाली बघू लागला. मी त्याला बसवलं आणि पहिली बाजू लावली. त्या दिवशी तो हेडफोन न घेताच गेला, दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन आला. आता दुकानाच्या माळ्यावर दर रविवारी चौघे जमतात. एकाकडे सेकंडहँड गिटार आहे, एकाने बास उसना आणला आहे, ड्रमचे पैसे नाहीत म्हणून तिसरा घरची हलगी वाजवतो, त्याचे आजोबा कुस्तीच्या मैदानात वाजवायचे. चौथी मुलगी आहे, ती गाते, मराठीत स्वतः लिहिते. विषय काय, तर एसटीचा पास, पाण्याचा टँकर, होस्टेलचं जेवण. दोन मिनिटांवर एकही गाणं जात नाही. गिटारवाल्याला मी नखी खालीच मारायला लावतो. तो दमतो, हात झटकतो, पुन्हा बसतो.

माळा आठ बाय दहाचा आहे आणि शेजारी दवाखाना आहे, त्यामुळे आम्ही भोंगा लावत नाही. माझी आपल्या पत्रामार्फत एकच मागणी आहे. महापालिकेची सभागृहं, समाजमंदिरं आठवड्यातले कितीतरी दिवस कुलूपबंद असतात. त्यातली एखादी खोली संध्याकाळी दोन तास वाजवणाऱ्या पोरांना द्यावी, हलगीवाल्यांना, बेंजोवाल्यांना, गिटारवाल्यांना, सगळ्यांना. भाडं आम्ही वर्गणी काढून भरू. मंडळांनाही सांगणं आहे, या गणपतीत एक दिवस तरी हाताने वाजवणारी माणसं बोलवा.

त्या ज्येष्ठ वाचकांनी येत्या रविवारी सहाच्या सुमारास दुकानात यावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. चहा आम्ही करतो. माळ्याचा जिना लाकडी आणि अरुंद आहे, वरची तिसरी पायरी थोडी हलते, पण हात द्यायला पोरं आहेत.

आपला नियमित वाचक,
हरभट रोड, सांगली